उठू नकोस म्हणणाऱ्या अक्का

अक्का जलतरण तलावावर बायकांना पोहायला शिकवत. शिकवत म्हणजे काय, तर न शिकण्याचा आग्रह करत.

बाकीचे शिक्षक काठावरच्या माणसाला म्हणतात, घाबरू नका. अक्कांच्या मते याच्यासारखा वेडेपणा नाही. ‘घाबरू नका’ म्हटलं की माणसाला एकदम आठवतं, अरेच्चा, घाबरायचं राहिलंच की. म्हणून अक्का म्हणत, “घाबरा हो. चांगलं सावकाश घाबरा. घाई कसली आहे? खुर्ची आणून देऊ का?” आणि खरोखरच खुर्ची आणून देत. पोहण्याच्या पोशाखात, डोक्याला रबरी टोपी घालून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून घाबरणं फार अवघड असतं. आपण काहीतरी भलतंच दिसतोय हे घाबरणाऱ्यालाच आधी कळतं.

एकदा बँकेतल्या एक साहेबीणबाई आल्या. टोपी, चष्मा, नाकाचा चिमटा, सगळा सरंजाम नवाकोरा. पण पाण्यातल्या पहिल्या पायरीवर ज्या बसल्या त्या बसल्याच. रोज यायच्या, घोट्याएवढं पाणी अनुभवायच्या आणि घरी जायच्या. अक्का शेवटी म्हणाल्या, “तुम्ही इथेच बसत चला मॅडम. पायरी धरून ठेवायला कुणीतरी जबाबदार माणूस हवंच. मागे एक पायरी वाहून गेली आमची.”

बाईंनी एक जळजळीत कटाक्ष टाकला, नाक चिमट्यात धरलं आणि पाण्यात उडी घेतली. वर आल्या तेव्हा आधी खोकला आणि मग शब्द बाहेर पडले. “अक्का, तुम्ही फार वाईट आहात.”

“आहेच मी वाईट,” अक्का म्हणाल्या, “पण तुम्ही पाण्यात आहात ते बघा.”

हे असं बोलणं वरवर थट्टेचं वाटे, पण त्याला सरळ बोलण्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. अक्का बोलत असत तोंडाने आणि बघत असत समोरच्याच्या डोळ्यांत. त्यांचा एक नियम होता. माणूस हसला तरी चालेल, चिडला तरी चालेल, दोन्हीत जोर असतो. पण गप्प झाला की आपण तिथल्या तिथे थांबायचं, टॉवेल पुढे करायचा आणि हवापाण्याबद्दल बोलायचं. हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. म्हणूनच टोमणे खाऊनही बायका त्यांच्याकडेच येत, आणि आपल्या वहिन्या-नणंदांनाही घेऊन येत.

स्वतः अक्का अंगाने चांगल्या भरलेल्या, पाण्यात मात्र पिसासारख्या. तलावाच्या खोल टोकाला उडी मारायची उंच फळी होती. तिच्यावर त्या जन्मात चढल्या नव्हत्या. कुणी विचारलं तर म्हणत, “मी बदकाच्या जातीची. झाडावरचं कावळ्यांना विचारा.” ऐकणारे हसत आणि विषय संपे. अक्कांनाही तेच हवं असे.

तर अशा या अक्कांचा धाकटा भाऊ पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दोघांचं बाकी कुणी उरलं नव्हतं. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि फरशीचं छोटंसं अंगण एवढा त्यांचा संसार. सगळं गाव त्याला पेंटर म्हणे, म्हणून अक्काही पेंटर म्हणत. रागावल्या की पेंटरसाहेब.

पेंटर अक्षरांबद्दल असा बोलायचा जसं आपण नातेवाइकांबद्दल बोलतो. “ह्याचं पोट सुटलंय.” “ह्याला पाठीचा कणाच नाही.” “हे बिचारं शेजाऱ्याच्या धाकात जगतंय.” फळीवर खडू लावलेली दोरी ताणून तो फटकन सोडे, निळी सरळ रेघ उमटे, आणि त्या रेघेवर अक्षरं अशी उभी राहत की जणू शाळेची घंटा झाली आहे. यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्यापासून काम कमी झालं होतं, पण काही दुकानदारांना अजून हाताचं अक्षर लागे, आणि हाताचं म्हटलं की पेंटरशिवाय कोण?

तो पडला औषधांच्या दुकानाची पाटी करताना. सगळी पाटी झाली होती, शेवटच्या अक्षराची शेपटी तेवढी राहिली होती. हात जेमतेम पोचेना. शहाण्या माणसाने काय करावं? खाली उतरावं, शिडी हातभर सरकवावी, पुन्हा चढावं. पण रंग ओला असताना ब्रश उचलला तर वाळल्यावर तिथे जोड दिसतो. दुकानदाराला दिसणार नाही, गिऱ्हाइकाला दिसणार नाही, पेंटरला मात्र रस्त्याच्या त्या टोकावरून दिसेल. म्हणून तो शिडीवरून बाहेर झुकला. शेपटी पूर्ण झाली. अगदी सुरेख झाली, असं पाहणारे सांगतात. तिच्यामागोमाग पेंटर खाली आला.

मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात आत सळई घातली, टाके काढले, घरी पाठवलं. हाड शहाणं निघालं, सांगितल्याप्रमाणे जुळलं. पण पेंटर अंगणाकडच्या खिडकीजवळच्या खाटेवर जो पडला तो उठायलाच तयार होईना.

व्यायाम करून घ्यायला एक तरुण डॉक्टरीण येई. किरकोळ अंगाची, गोड बोलणारी. “काका, आज आपण गुडघा किती छान वाकवणार आहोत?”

“आपण म्हणजे कोण?” पेंटर म्हणे. “गुडघा माझा आहे. तुमचा तुम्ही वाकवा.”

ती हात लावी, तो ओरडे. ती थोडा ताण देई, तो डोळे मिटून घेई. एके दिवशी निघताना तिने अक्कांना दाराशी गाठलं आणि आवाज खाली आणला. “हाडाचं काम झालंय. आता जे आहे ते गुडघ्याचं. वाकवला नाही तर तो आखडत जाईल, आणि एकदा पुरता आखडला की मग आम्ही कितीही ओढाताण केली तरी उपयोग नाही. काठीसारखा राहील पाय. जे काय व्हायचं ते ह्याच दिवसांत व्हायला हवं.”

“म्हणजे शिडी गेली?”

“शिडीचं काय घेऊन बसलात? साधा जिना चढता येणार नाही.”

अक्कांनी तिच्या मागे दार लावून घेतलं. ‘दुखतंय’ असं पेंटर म्हणत होता, पण काठावर बसून राहणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. गुडघा दुखत होता हे खरं. त्याहून जास्त काहीतरी घाबरलं होतं, आणि ते गुडघ्याच्या बरंच वर होतं. तेव्हा इलाज ठरलेलाच होता. अक्का आत गेल्या आणि भावाच्या अंगावरचं पांघरूण नीट करत म्हणाल्या,

“उठू नकोस हं पेंटर. पाय वापरला की झिजतो. माझ्याकडे बघ ना, पोहून पोहून निम्मी राहिले.”

पेंटरने बहिणीच्या घेराकडे पाहिलं आणि पडल्यापासून पहिल्यांदा तो हसला.

अक्कांना जोर चढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलावावरची एक जुनी घंटा आणून खाटेला बांधली. “पाणी हवं, घंटा. चहा हवा, घंटा. कूस बदलायची असेल तर दोनदा वाजव, मी येऊन बदलून देते. राजेमहाराजे काही उठून पाणी पीत नसत.” पेंटरने ती घंटा एकदा वाजवली. त्या आवाजाने वरच्या मजल्यावरचं तान्हं मूल जागं झालं आणि त्याच्या आईने खिडकीतून खाली पाहिलं. त्यानंतर पाण्याचा तांब्या तो स्वतः बसून घेऊ लागला.

मग पाटी. खिडकीतून अंगणापलीकडची गल्ली दिसे, आणि गल्लीत चपलांचं नवं दुकान निघालं होतं. त्याच्यावर यंत्राची पाटी. खाटेवरून तिची अर्धीच बाजू दिसे. अक्का खिडकीशी उभ्या राहून दूध निवावं तशा सावकाश म्हणाल्या, “काय अक्षरं आहेत रे. कशी सगळी एका मापाची. आणि यंत्र किती गुणी, शिडीवरून पडतसुद्धा नाही.”

पेंटरने कूस बदलली. पण दुसऱ्या दिवशी अक्का तलावावरून परतल्या तर हा दवाखान्याने दिलेली चार पायांची काठी धरून खिडकीच्या दुसऱ्या टोकाला उभा. “हे एका मापाचं म्हणतेस तू?” तो मागे न बघता म्हणाला. “त्या दोघांचं भांडण झालंय म्हणून ती लांब उभी आहेत, आणि बाकीची सगळी गर्दी करून तमाशा बघतायत. ह्याला पाटी म्हणतात होय?”

“मला बाई छान वाटली.”

“तुला कळतं काय त्यातलं?”

“तेच म्हणते मी. ज्यांना कळतं ते झोपलेले असतात.”

अक्का स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच हसल्या. पण डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. उभा राहतो हे चांगलंच, म्हणाल्या, पण पाय सरळ ठेवूनच उभा राहतो. चालतो तेही पाय ओढत, बाजूने फिरवून. दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेला की परत वळतो, कारण उंबरा ओलांडायला गुडघा वाकवावा लागतो. “अक्का, उभं राहणं आणि वाकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” आणि खरंच, त्या आठवड्यात गुडघा आधीपेक्षा कमी वाकला.

आता अक्कांची घाई झाली. घाईत माणूस डोस वाढवतो. घंटा झाली, पाटी झाली, त्यांनी काठीला फुलांची नक्षी काढायची भाषा केली, “आता जन्माची सोबत आहे, सजवायला नको?” पेंटर चिडला. चिडला म्हणून अक्का खूश. पण तो म्हणाला, “अक्का, मला सगळं कळतं. मी तुझ्या तलावावरची बाई नाही.”

“नशीब माझं. तो पोशाख तुला शोभला नसता.”

“हसवू नकोस. मी सांगतो ते ऐक.”

अक्कांनी ऐकायला हवं होतं. तो काहीतरी सांगणार होता. पण त्यांच्या जिभेला वेग आला होता, आणि उताराला लागलेल्या जिभेला ब्रेक नसतो. खिडकीबाहेर, भिंतीला लागून, पेंटरची लाकडी शिडी आडवी पडली होती. गावातल्या प्रत्येक दुकानाच्या रंगाचा एकेक थेंब तिच्यावर होता. अक्कांनी तिच्याकडे बोट दाखवलं. “ऐकायचं काय त्यात? तू आता निवृत्त. मी म्हणते, ती शिडी तरी कशाला जागा अडवून बसलीय? देऊन टाकू या कुणाला.”

आता हा उसळेल, म्हणेल, माझ्या शिडीला हात लावलास तर बघ; असा त्यांचा हिशेब होता.

पेंटर गप्प झाला.

बराच वेळ त्याने शिडीकडे पाहिलं. मग म्हणाला, “दे.”

“काय?”

“देऊन टाक. बरोबर बोललीस तू. वायरमन मागे विचारत होता, त्याला दे. त्याच्या उपयोगी पडेल.” आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

इथे टॉवेल पुढे करायला हवा होता. अक्कांना ते कळत होतं. पण जन्मभर ज्या बाईने टाकलेला शब्द कधी मागे घेतला नाही, तिला ‘अरे, गंमत केली’ असं म्हणता येईना. म्हणजे मग घंटाही गंमत, पाटीही गंमत, आणि इतक्या दिवसांत खरं ते काय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या म्हणाल्या, “बरं. निरोप देते त्याला.” आवाज त्यांचा होता, शब्द त्यांचे होते, फक्त आत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तलावावर एक नवी बाई काठावर थरथरत उभी होती. अक्का तिला म्हणाल्या, “या सावकाश. मी धरते तुम्हाला. काही होणार नाही.” जुन्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बँकेतल्या साहेबीणबाई पोहत जवळ आल्या आणि हळूच विचारलं, “अक्का, बरं नाही का तुम्हाला?”

सुट्टीच्या दिवशी दुपारी वायरमन आला. कमरेला पक्कड, कानावर पेन्सिल, फाटक्या तोंडाचा पण मनाने बरा. अक्कांनी आणि त्याने मिळून शिडी उभी केली आणि भिंतीला, गच्चीच्या कठड्यापर्यंत लावली. अक्का मुद्दाम मोठ्याने बोलत होत्या. “नीट बघून घे हो. एकदा नेलीस की परत मागायला कुणी येणार नाही.” आणि कान खिडकीकडे. खिडकीतून ‘थांबा’ असा एक शब्द आला असता तर अक्कांनी वायरमनला चहा पाजून आणि पाया पडून परत पाठवलं असतं.

खिडकीतून हात आला, आणि त्याने खिडकीचं दार लोटून घेतलं.

वायरमनने शिडीवर बोटाने टकटक केलं, नाक मुरडलं. “खालून ठीक आहे. पण वरच्या पायऱ्या गेलेल्या दिसतात अक्का. लाकूड भुसभुशीत झालंय. पेंटर म्हणूनच पडला असणार. चांगल्या शिडीवरून कोण पडतं?”

हे मात्र अक्कांना सोसलं नाही. त्या स्वतः भावाला काहीही बोलत, तो त्यांचा हक्क होता. पण त्याच्या शिडीला बाहेरच्याने नावं ठेवावीत? ज्या शिडीला तो दर वर्षी तेल पाजत होता, तिला? “भुसभुशीत?” त्या म्हणाल्या. “तिच्यावर मी चढले तरी ती हूं की चूं करणार नाही. माझ्यापेक्षा मोठी परीक्षा आहे का गावात दुसरी? धर खालून.”

“अहो, तसं नाही म्हटलं मी.”

“धर म्हणते ना.”

आणि अक्का चढल्या. राग हे फार चांगलं इंजिन आहे; चढावर कुठे अडत नाही. एकेक पायरी दणकन पाय आपटून, “ही भुसभुशीत? का ही भुसभुशीत?” असं विचारत त्या वर गेल्या, थेट कठड्याला हात लागेपर्यंत. शिडी खरंच हूं की चूं करेना. अक्कांनी विजयी मुद्रेने वायरमनला काहीतरी ऐकवायला खाली पाहिलं.

वायरमनचं डोकं दिसलं, बशीएवढं. त्याच्या टकलाची सुरुवातसुद्धा दिसली. फरशी वर आली, खाली गेली. इंजिन बंद पडलं.

“बरोबर आहे तुमचं,” वायरमन खालून म्हणाला. “पक्की आहे. उतरा आता.”

अक्का उतरल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली आणि गाल लाकडाला लावला.

“अक्का? काय झालं? खाली बघा, पायरी दिसेल.”

खाली बघा म्हटल्यावर अक्कांनी डोळे गच्च मिटले. पाय इतके लटपटायला लागले की शिडीचं खालचं टोक फरशीवर सरकलं. वायरमनने अंगाचा भार टाकून ती दाबली. आता त्याला हलता येईना. सोडली तर सरकणार, वर जावं तर खाली धरायला कोण? वरच्या मजल्यावरच्या लोकांना हाका मारल्या, पण सुट्टीची दुपार, सगळे कुठेकुठे बाहेर गेलेले. शेवटी त्याने खिडकीकडे तोंड करून हाक दिली, “पेंटर, अहो, अक्का अडकल्यात वर.”

आतून शांत आवाज आला, “छान. चांगलं बसवलंय नाटक. वायरमनला पण घेतलंस होय त्यात? पाठांतर बरं आहे त्याचं.”

“नाटक नाही हो, शपथ.”

“अक्का, मला उठवायला आता शिडीवर चढायची वेळ आली? उतर खाली. गुडघे दुखतील तुझे.”

अक्कांना उत्तर सुचायला हवं होतं. त्यांची नेहमीची जीभ जागेवर असती तर म्हणाली असती, मी वरच राहणार, इथे हवा छान आहे. पण ती जीभ आज खालीच राहिली होती. एवढ्या वर्षांत काठावर थरथरणाऱ्या जेवढ्या बायका त्यांनी पाहिल्या, त्या सगळ्यांच्या पायांत काय होत असेल ते त्यांना आत्ता एकदम कळलं.

“मला भीती वाटतेय रे,” अक्का म्हणाल्या. अगदी बारीक आवाजात. “मला खाली यायचंय. मला येता येत नाही.”

 मग खाट करकरली.

पेंटर बहिणीला लहानपणापासून ओळखत होता. ती पडली तर म्हणायची, जमीन तपासत होते. तापाने फणफणली तर म्हणायची, थंडीची बचत. नवऱ्याला स्मशानात पोचवून आली तेव्हासुद्धा म्हणाली होती, चला, घोरणं थांबलं. आणि मग कितीतरी दिवस जेवली नव्हती. तिला भीती वाटते हे वाक्य त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. नाटकात ते असणं शक्यच नव्हतं, कारण ते तिला पाठच नव्हतं.

चार पायांच्या काठीची टकटक खोलीतून आली. दारापर्यंत आली. उंबऱ्याशी थांबली. काठी उंबऱ्यात अडकत होती, तेव्हा त्याने ती बाजूला फेकली, दाराची चौकट धरली, आणि दुखरा पाय उचलला. चेहरा असा झाला की वायरमनने दुसरीकडे पाहिलं. भिंतीला धरत, लंगडत, पेंटर शिडीपाशी आला.

आधी त्यानेही तिचंच औषध तिला देऊन पाहिलं. “अक्का, उतरू नकोस हं. वर बरी आहेस. चहा वरच पाठवतो.”

“माझ्यावर नको रे हे,” अक्का डोळे मिटूनच म्हणाल्या. “माझ्यावर चालत नाही ते.”

“बरं,” पेंटर म्हणाला. “मग येतो.”

“तुम्ही कुठे येता?” वायरमन म्हणाला. “तुमचा पाय...”

“तू धर नीट. बोलू नकोस.”

चांगला पाय पहिल्या पायरीवर गेला. त्याच्या मागून दुसरा यायला हवा होता, आणि तो वाकल्याशिवाय येणार नव्हता. पेंटरने दोन्ही हातांनी शिडी धरली, दात आवळले आणि तो गुडघा, ज्याला डॉक्टरीणबाई गोडीगुलाबीने विनवत होत्या, तो त्याने वाकवला. तोंडातून एक हुंकार निघाला. पाय पायरीवर पोचला. पुन्हा तसंच. मग आणखी वर, अक्कांच्या पायांखाली पोचेपर्यंत. मग हात वर करून त्याने बहिणीचा घोटा धरला.

“हा माझा हात. कळला? हा पाय माझ्या हातात दे. तू काही करायचं नाहीस, मी ठेवतो तो कुठे ठेवायचा ते. भिंतीकडे बघ. भिंत कशी आहे सांग.”

“घाण आहे,” अक्का म्हणाल्या. “रंग उडालाय.”

“कुठे उडालाय?”

“सगळीकडे. पेंटरचं घर म्हणे.”

“हां. आता दुसरा पाय.”

असे एकेक पाय हातात घेत, ठेवत, भावंडं खाली आली. आधी पेंटर, त्याच्यावर अक्का, जवळजवळ त्याच्या खांद्यावरच बसल्यासारख्या. फरशीला पाय लागल्यावर अक्का तिथेच खाली बसल्या. पेंटरला बसता येईना, म्हणून तो शिडीला टेकून उभा राहिला. वायरमनने शिडी सोडली आणि हात झटकले.  थोडा वेळ तिघेही नुसता श्वास घेत होते. हवा फुकट मिळते ही केवढी मोठी सोय आहे, ते अशा वेळी कळतं.

“पक्की आहे शिडी,” वायरमन शेवटी म्हणाला. “दोघांना पेललं तिने. नेऊ?”

“हात लाव,” पेंटर म्हणाला, “म्हणजे तुझ्या पक्कडीने तुझंच नाक धरतो.”

वायरमन गेला. जाताना हसत होता आणि पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता.

“तुला त्या दिवशी काय सांगायचं होतं रे?” अक्कांनी खाली बसल्या बसल्याच विचारलं. “मी ऐकलं नाही.”

पेंटरने शिडीवरचा रंगाचा एक थेंब नखाने खरवडला. “हेच,” तो म्हणाला. “तू आत्ता वरून जे म्हणालीस ते. मलाही तेच वाटतंय, पडल्यापासून. तू इतकी मजेत होतीस, की मला वाटलं, हिला सांगून काय उपयोग, ही हसेल.”

अक्का हसल्या नाहीत. “मी मजेत नव्हते,” त्या म्हणाल्या.

“ते आज कळलं.”

संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. अक्का बर्फ लावत होत्या आणि एकही शब्द उलटा बोलत नव्हत्या. ‘दुखतंय का?’ असं विचारत होत्या, आणि तो ‘हो’ म्हणाला की ‘बरं’ म्हणत होत्या. दोघांनाही ते फार अवघड जात होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. झालेला प्रकार ऐकून त्यांच्या तोंडचा गोडवा पार उडाला. सुजलेला पाय हातात घेईपर्यंत त्या दोघांना आलटून पालटून रागावत होत्या. मग त्यांनी गुडघा हळूहळू वाकवायला घेतला. रोज जिथे अडायचा तिथे आला. पुढे सरकला. अजून थोडा. पेंटरने ओठ चावला, पण डोळे मिटले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पाय सरळ केला. पुन्हा एकदा वाकवून पाहिला.

“सुटलाय,” त्या म्हणाल्या. “आता रोज मेहनत केलीत तर पूर्ण वाकेल. दुखेल, वेळ लागेल, पण पाय राहील तुमचा. असला वेडेपणा मात्र पुन्हा नको.”

अक्का स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडला, भांडी घासायला घेतली. भांडी सगळी घासलेलीच होती. नळाच्या आवाजात दुसरा कुठलाही आवाज बाहेर जात नाही, अशी त्यांची समजूत होती.

थोड्या वेळाने मागे काठीची टकटक झाली. पेंटर दारात उभा होता. खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत तो पडल्यापासून पहिल्यांदाच आला होता.

“रड म्हणू की रडू नकोस म्हणू?” त्याने विचारलं. “तुझं काही कळत नाही बाई.”

“सरळ सांग,” अक्का म्हणाल्या.

“मग रड.”

अक्का रडल्या. भरपूर रडल्या. पेंटरने हात लांबवून नळ बंद केला, पाटावर टेकून दुखरा पाय जमेल तेवढा वाकवून बसला आणि त्यांचं होईपर्यंत थांबला.